नाशिकरोडची पांढरी स्विफ्ट आणि क्ले बार : कामाच्या नोंदी

३ जानेवारी, शनिवार

गाडी २०१६ ची स्विफ्ट, पांढरी, सेकंडहँड घेतलेली. नाशिकरोडला आमच्या इमारतीच्या मागे उभी असते. एका अंगाला रेल्वेची भिंत, पलीकडे रूळ, डोक्यावर आंब्याचं झाड. दिवसा अंबड एमआयडीसीत कंपनीच्या उघड्या पार्किंगमध्ये. थोडक्यात, गाडीच्या नशिबी छप्पर नाही.

तक्रार एकच : धुतली तरी हाताला खरखरीत लागते. लांबून स्वच्छ दिसते. जवळ गेलं की डिकीवर आणि मागच्या बंपरवर सुईच्या टोकाएवढे तांबूस ठिपके दिसतात, नखाने न निघणारे. गॅरेजमध्ये दाखवली तर "रबिंग-पॉलिश मारून देऊ, साडेतीन हजार." कुठलाही आजार घेऊन जा, औषध रबिंगच. ठिपके कसले आहेत हे कुणी वाकून बघितलंसुद्धा नाही. रबिंग कंपाउंड रंगाचा वरचा थर घासून पातळ करतं, आणि ठिपके जागेवर असताना बफ (पॉलिशचं फिरतं पॅड) फिरवला तर सुटलेले कण त्याच बफखाली गाडीभर फिरणार. म्हणून घरीच करतोय, क्ले बारने, म्हणजे रंगावर चिकटून बसलेले कण उचलणाऱ्या मातीसारख्या मऊ वडीने. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी या नोंदी.

आज नुसती तपासणी. गाडी धुतली आणि ओली असतानाच हात ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत घालून पत्र्यावरून हलके फिरवला. नुसत्या बोटांना जे कळत नाही ते पिशवीतून लगेच कळतं. कागदावर गाडीचं वरून दिसणारं चित्र काढलं आणि जिथे खरखर लागली तिथे खुणा केल्या. खुणा सगळीकडे सारख्या आल्या नाहीत, आणि पुढचं सगळं काम त्यावरच बेतलं :

डिकी, मागचा बंपर आणि भिंतीकडची म्हणजे डावी बाजू : तांबूस ठिपके. रेल्वेगाड्या स्टेशनात शिरताना ब्रेक लावतात, चाकांचा आणि रुळांचा लोखंडी कीस उडतो, रंगावर बसतो आणि रात्रीच्या दवाने तिथेच गंजतो. बाकी कंपनीतल्या ग्राइंडिंगची मेहेरबानी.

छप्पर आणि बॉनेट : चिकट, त्यावर काळसर. हा आंब्याचा चिकटा. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे गोड चिकट द्रव टाकतात आणि त्यावर काळी बुरशी धरते.

दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या मागे : डांबराचे काळे शिंतोडे. सिंहस्थाच्या तयारीत गावातले रस्ते उकरलेत, त्यावर वेगळं लिहायची गरज नाही.

उजवी बाजू, आरशाच्या उंचीला : बारीक खरखर, दिसायला काही नाही. याचं कारण आज कळलं नाही.

काचा आणि बॉनेट : पाण्याचे पांढरे गोल डाग.

कंपनीतून कोटिंग थिकनेस गेज, म्हणजे रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र, एक दिवसासाठी मागून आणलं होतं. बॉनेट ११२ मायक्रॉन, छप्पर ११८, पुढची दारं ११० ते १२०. कारखान्यातल्या रंगाचा सगळा थर साधारण एवढाच, शंभर ते दीडशेच्या आसपास. त्यात वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, बहुतेक गाड्यांना ३५ ते ५० मायक्रॉन. डाव्या मागच्या दारावर मात्र ३१० आणि हँडलच्या खाली सहाशेच्या पुढे. म्हणजे लांबी (पुटी) भरून पुन्हा रंगवलेलं दार. विकणारा म्हणाला होता, "गाडीला ओरखडासुद्धा नाही." गेजला तोंड बघून बोलायची सवय नसते. हे दार वेगळं धरायचं, कारण गॅरेजमधला रंग कारखान्याच्या भट्टीत भाजलेल्या रंगापेक्षा मऊ असू शकतो. बंपर प्लास्टिकचे, तिथे हे गेज चालत नाही.

४ जानेवारी, रविवार

धुणं आणि डांबर.

सकाळी सातला थंडीने बोटं वळेनात, नऊनंतर ऊन थेट बॉनेटवर. म्हणजे कामाला मिळणारा वेळ जेमतेम दोन तास, आणि हा हिशेब शेवटपर्यंत पाठ सोडणार नाही. तापलेल्या पत्र्यावर यातलं कुठलंच काम करू नये, सगळं वाळून डाग सोडतं.

दोन बादल्या : एकीत शांपूचं पाणी, दुसरीत कापड खंगाळायचं साधं पाणी. वरून खाली. आमच्याकडे रोज सकाळी गाड्या पुसायला एक मुलगा येतो, महिन्याचे पाचशे. त्याला म्हटलं, महिनाभर माझ्या गाडीला हात लावू नकोस. तो नाराज झाला. "दादा, रोज पुसतो तरी तुम्ही खरखरीत म्हणता?" कोरड्या फडक्याने धूळ पुसली की तीच धूळ रंगावर घासली जाते, हे त्याला पटलं नाही. पैसे पूर्ण देणार म्हटल्यावर पटलं.

डांबरासाठी रॉकेल शोधत बसलो नाही. रंगाच्या दुकानातून अर्धा लिटर टर्पेंटाइन आणलं, ९० रुपये. कापसाचा बोळा भिजवून शिंतोड्यावर अर्धा मिनिट दाबून ठेवायचा, मग एका दिशेने पुसायचा. काळा ओघळ येतो, ठिपका जातो. लगेच शांपूने धुवायचं, कारण टर्पेंटाइनचा तेलकटपणा राहतो. दाराच्या रबराला लागू द्यायचं नाही. थिनर मात्र हातातही घेऊ नका. कारखान्याचा रंग एखाद वेळी सोसेल, गॅरेजमध्ये रंगवलेलं दार सोसणार नाही.

डांबर आधी काढायचं कारण साधं आहे. क्ले डांबर उचलतो, पण ते त्याच्यात मुरतं आणि तुकडा काळा होऊन वाया जातो. शंभर ग्रॅमला साडेचारशे रुपये मोजायचे आणि त्याने नव्वद रुपयांच्या टर्पेंटाइनचं काम करायचं, हा धंदा तोट्याचा.

चिकट्याला काही विकत आणावं लागलं नाही. चिकटा म्हणजे साखरच, कोमट पाण्यात विरघळते. आंघोळीच्या पाण्याएवढं गरम, त्यात शांपू, जुना बनियन भिजवून छपरावर पाच मिनिटं पसरून ठेवला. काळी बुरशी त्याच्याबरोबर निघाली. कढत पाणी ओतू नका, थंडगार काचेवर तर नाहीच, तडा जाईल.

आजचा वेळ ठरवल्याच्या दुप्पट. डांबर किती खालपर्यंत असतं हे गाडीखाली वाकल्याशिवाय कळत नाही.

१० जानेवारी, शनिवार

पाणी. धुतल्यावर पांढरे डाग वाढलेच होते, म्हणून टीडीएस मीटर आणलं. ते पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं, आकडा मोठा तेवढे क्षार जास्त. सोसायटीच्या बोअरचं पाणी ६८०. मनपाचं नळाचं १४०. घरच्या आरओचं प्यायचं पाणी ४५. आणि आरओमधून वाया जाणारं, जे आमच्या इमारतीत निम्मे लोक काटकसर म्हणून बादलीत साठवून गाड्यांना वापरतात, ते नळाच्या पाण्यापेक्षाही क्षारांचं. फरशी पुसायला ठीक. गाडीवर ते वाळलं की क्षार रंगावरच राहतात.

यापुढे पहिलं धुणं बोअरच्या पाण्याने चालेल, शेवटचं पाणी नळाचं, आणि क्लेबरोबर फवारायचं पाणी आरओचं.

डागांवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. कापड भिजवून मिनिटभर ठेवलं, भरपूर पाण्याने धुतलं. बॉनेटवरचे बरेचसे गेले. जे राहिले ते डाग नाहीत, क्षारांनी रंगात पाडलेले खळगे आहेत. ते क्लेनेही जात नाहीत, त्यांना पॉलिश लागतं. क्लेकडून ही अपेक्षा ठेवून बरेच जण निराश होतात. क्ले रंगाच्या वर बसलेलं उचलतो, रंगात खोल गेलेल्याला तो हात लावत नाही. चरे, जाळीसारखे गोल ओरखडे, उडालेला रंग, यातलं काहीच त्याच्या कामाचं नाही.

११ जानेवारी, रविवार

आयर्न रिमूव्हर, म्हणजे रंगावर बसलेलं लोखंड सोडवणारं द्रव. ५०० मिली, ६५० रुपये. सगळ्यात महाग बाटली आणि सगळ्यात उपयोगाची.

पुन्हा धुतली, कारण काल संध्याकाळपासून धूळ बसलीच. पत्रा गार, सावली, वारा नाही, ही वेळ साडेसातची. रबरी हातमोजे घातले, तोंडाला मास्क. डिकीवर फवारलं. मिनिटभर काही नाही. मग एकेका ठिपक्याभोवती फिकट जांभळं वर्तुळ उमटलं, ते गडद झालं आणि डिकीवरून जांभळे ओघळ खाली लागले. यात थायोग्लायकोलेट असतं, ते लोखंडाशी जुळलं की हा रंग येतो. पांढऱ्या गाडीवर हे इतकं स्पष्ट दिसतं की वॉचमन काका धावत आले, त्यांना वाटलं गाडीला काहीतरी लागलं. वास सडक्या अंड्याचा. तळमजल्याच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं.

तीन-चार मिनिटांच्या वर ठेवायचं नाही, वाळू तर मुळीच द्यायचं नाही. नळीच्या जोराच्या पाण्याने धुतलं. डिकीवर दुसरा हात मारला, ओघळ पहिल्यापेक्षा फिके आले. छपरावर तुरळक. उजव्या बाजूला जवळपास काहीच नाही. म्हणजे तिथली खरखर लोखंडाची नव्हती.

पिशवीत हात घालून पुन्हा बघितलं. डिकी अर्ध्याहून जास्त गुळगुळीत. तांबूस ठिपक्यांतले मोठे राहिलेत, लहान गेले. क्लेला आत्तापर्यंत हात लावलेला नाही आणि निम्मं काम झालंय. जाहिरातीत दाखवतात तसा धुळकट बॉनेटवर थेट क्ले फिरवला असता तर हे सगळं लोखंड त्या तुकड्यात रुतलं असतं आणि पुढच्या फेरीला त्यानेच रंग ओरबाडला असता.

ज्यांना जमेल त्यांनी आयर्न रिमूव्हर आणि क्ले एकाच दिवशी, नाहीतर लागोपाठच्या दोन दिवशी करावं. मध्ये आठवडा गेला की पुन्हा धुणं आलं, आणि आमच्या जागी पुन्हा थोडं लोखंडही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. काम नाही. पोरांच्या पतंगासाठी गच्चीवर गेलो आणि उजव्या बाजूचं कोडं सुटलं. सोसायटीचं मागचं लोखंडी गेट वरून दिसलं : चंदेरी, चकचकीत. दिवाळीआधी कॉम्प्रेसरने फवारून रंगवलं होतं. माझी उजवी बाजू बरोबर त्या गेटकडे असते. ती खरखर म्हणजे हवेतून उडून बसलेले ॲल्युमिनियम पेंटचे तुषार. पांढऱ्यावर चंदेरी, दिसणार कुठून. खाली जाऊन मोबाइलची बॅटरी तिरकी धरली तेव्हा कण चमकले.

याला टर्पेंटाइन चालणार नाही, रंग वाळून महिने झालेत. आयर्न रिमूव्हरचा संबंध नाही. इथे मात्र क्लेच हवा.

१८ जानेवारी, रविवार

क्ले. फाइन ग्रेड, १०० ग्रॅम, ४५० रुपये. दुकानदार मीडियम घ्या म्हणत होता, "लवकर काम होतं." लवकर होतं हे खरं, पण मीडियमने रंगावर धुरकट जाळी येते आणि मग पॉलिश केल्याशिवाय गाडी उन्हात उभी करवत नाही. आधीची साफसफाई नीट झाली असेल तर फाइन पुरतो.

वडी पाकिटातून काढली तर थंडीने दगड झालेली. दाबली तर चिरली. कोमट पाण्याच्या वाटीत पाच मिनिटं ठेवली तेव्हा कणकेसारखी मळता आली. तीन तुकडे केले. एक वापरात, एक राखीव, एक खालच्या कडांसाठी. पूर्ण वडी एकदम हातात घ्यायची नाही, निसटून पडली तर सगळीच गेली. तुकडा तीन बोटांत मावेल असा चपटा केला.

फवाऱ्यात एक लिटर आरओचं पाणी आणि दहा मिली शांपू. आधी कुणीतरी भांड्यांचा साबण सुचवला होता, तो घेतला नाही. काही क्ले त्याने विरघळल्यासारखे होतात आणि रंगावर चिकट थर बसतो.

बॉनेटपासून सुरुवात. हात-दीड हाताचा चौकोन धरायचा, म्हणजे साधारण पन्नास बाय पन्नास सेंटिमीटर. भरपूर फवारा, पत्र्यावरही आणि क्लेवरही. सरळ रेषेत पुढे-मागे, मग आडवं. गोल फिरवायचं नाही. चुकून चरा पडलाच तर सरळ चरा कमी दिसतो आणि काढायला सोपा जातो. बोटांच्या वजनापलीकडे दाब नाही. सुरुवातीला तुकडा अडतो, खर्र खर्र आवाज येतो, हाताला बारीक कंप जाणवतो. आठ-दहा फेऱ्यांत आवाज बंद होतो आणि तुकडा पाण्यावर तरंगल्यासारखा निसटायला लागतो. तिथे थांबायचं. नंतरचं फिरवणं फुकटचं.

तुकडा उलटा करून बघितला. मध्ये तपकिरी पट्टा, त्यात उभे-आडवे काळे कण. घडी घातली, मळला, स्वच्छ बाजू वर आणली, पुढचा चौकोन.

शेजारचे काका दूध घेऊन येताना थांबले.

"काय रे, एवढा वेळ तीच जागा घासतोयस?"

"घासत नाही काका, फिरवतोय. घासलं तर चरे पडतील."

"रंग निघत नाही ना त्याच्याबरोबर?"

तुकडा दाखवला. त्यावर तपकिरी होतं, काळं होतं, पांढरं काही नव्हतं. काकांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "मग माझ्या गाडीचंही होऊन जाऊ दे." काकांची गाडी गडद निळी. तेव्हा हो म्हटलं, पुढे त्याची नोंद येईलच.

छपराच्या मध्यावर काम अडलं. साडेआठलाच वारा सुटला, ऊन इमारतीच्या कोपऱ्यावरून छपरावर आलं आणि फवारलेलं पाणी बघता बघता वाळलं. क्ले मध्येच चिकटला आणि राखाडी लांबट डाग रंगावर सोडला. नखाने खरवडू नका. पुन्हा फवारून त्याच तुकड्याने हलकं फिरवलं तर थोडा उचलला गेला, उरलेला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि पाणी निम्मं-निम्मं करून मायक्रोफायबरने निघाला. नवीन रंगवलेल्या भागावर मात्र आयपीए जपून. यापुढे अर्धा चौकोन, दुप्पट फवारा. एक लिटर पुरेल वाटलं होतं, बॉनेट आणि छपराला दोन गेले.

मागे सरकताना वापरातला तुकडा खाली पडला. मातीत पडलेला क्ले म्हणजे पॉलिश पेपर. कितीही धुतला तरी आतले वाळूचे कण निघत नाहीत. कचऱ्यात. एक तृतीयांश वडी, दीडशे रुपये. नवशिक्याने हा खर्च आधीच धरून चालावं.

जाता जाता पुढच्या काचेवर फिरवला. वायपरचा फडफड आवाज निम्म्यावर आला. काचेला क्ले चालतो हे फारसं कुणी सांगत नाही. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना मात्र लावू नका, पांढरट डाग बसतो.

२५ जानेवारी, रविवार

उजवी बाजू, चंदेरी तुषार. इथे फाइन क्लेने घाम काढला. बॉनेटला आठ-दहा फेऱ्या पुरल्या, इथे तिप्पट करूनही पिशवीतून खरखर लागतच होती. दाब वाढवायचा मोह होतो. त्याऐवजी तुकडा सतत कोमट पाण्यात ठेवून मऊ राखला, चौकोन एक वीत केला आणि दर चार-पाच फेऱ्यांनी घडी घातली. बॅटरीच्या उजेडात तुकड्यावर चंदेरी चकाकी दिसायला लागली तेव्हा खात्री पटली. एका दारालाच पाऊण तास. काचेवरचे तुषार साबणाच्या पाण्यात नवीन ब्लेड तिरपं धरून दोन मिनिटांत निघाले. ब्लेड फक्त काचेला, आणि मागच्या काचेला आतून कधीच नाही, तिथे डिफॉगरच्या तारा असतात.

ही बाजू पूर्ण झाली, पण उन्हात तिरकं बघितलं तर अगदी बारीक धुरकटपणा आला आहे. पांढऱ्यावर असल्यामुळे खपून जातो. एवढ्या फेऱ्यांनंतर तो येणारच.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन उरकून डावी बाजू, डिकी आणि खालच्या कडा. डिकीवर आयर्न रिमूव्हरने निम्मं काम केलं होतंच, क्ले सरसर चालला. उरलेले मोठे तांबूस ठिपके उचलले गेले. पाच-सहा ठिकाणी ठिपका गेला आणि खाली टाचणीच्या टोकाएवढा खळगा राहिला. गंज रंगात उतरला होता. हे आता तसंच राहणार.

रंगवलेलं दार : आधी कोपऱ्यात, हँडलच्या खाली, तीन-चार फेऱ्या मारून बघितलं. लगेच मळभ आल्यासारखं धुरकट. बाकीच्या गाडीवर असं झालं नव्हतं. रंग मऊ आहे. या दारावर क्ले थांबवला. आयर्न रिमूव्हरचा आणखी एक हात मारला आणि जेवढं गेलं तेवढ्यावर समाधान. धुरकट झालेला कोपरा फिनिशिंग पॉलिशने हाताने काढला, फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढं पॉलिश, दहा मिनिटं. उजव्या बाजूलाही तेच केलं, तिथे हात भरून आले. मशीन असतं तर हे तासाभराचं काम. आपल्याकडे नाही, आणि एका गाडीसाठी घेणार नाही.

खालच्या कडांसाठी राखून ठेवलेला तुकडा सगळ्यात शेवटी. तिथे कितीही धुतलं तरी वाळू असते. तो तुकडा परत वर आणायचा नाही.

आज पुन्हा गेज मिळालं. बॉनेट ११२, छप्पर ११८, पुढची दारं तीच. या गेजचा दोन-तीन मायक्रॉनचा फरक धरला तरी क्लेने रंगाची जाडी कमी होते हे काकांसकट सगळ्यांचं भय निराधार आहे, निदान गेजला दिसेल इतकी तरी होत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

वॅक्स. क्ले जुनं वॅक्सही काढून टाकतो, रंग उघडा पडतो. खरं तर त्याच दिवशी लावायला हवं होतं, पण त्या दिवशी खांदे साथ देत नव्हते. तेवढ्या दिवसांत छपरावर आंब्याने आपलं काम केलंच, पुन्हा कोमट पाणी. या झाडाखाली राहायचं तर वॅक्सला पर्याय नाही. आता चिकटा नुसत्या पाण्याने सुटतो हे काल छपराच्या एका अर्ध्या भागाला वॅक्स लावून, रात्रभर ठेवून, आज सकाळी दोन्ही भाग धुऊन बघितलं आहे.

पेस्ट वॅक्स अगदी पातळ लावायचं. जाड लावलं तर पुसताना जीव जातो, चमक तेवढीच. थंडीत वाळायला वेळ लागतो : बोट ओढून बघायचं, रेघ स्वच्छ उमटली की पुसायचं.

खर्च : शांपू २८०, टर्पेंटाइन ९०, व्हिनेगर ६०, आयर्न रिमूव्हर ६५०, क्ले ४५०, आयपीए १५०, मायक्रोफायबरची सहा फडकी ५४०, हातमोजे आणि मास्क १२०, फिनिशिंग पॉलिश ४२०, पेस्ट वॅक्स ७००. एकूण ३,४६०. गॅरेजने सांगितले होते साडेतीन हजार. चाळीस रुपये वाचले! टीडीएस मीटर धरलं तर तेही नाही. पण शांपू, पॉलिश आणि वॅक्स अजून पाऊणहून जास्त शिल्लक आहे, आयर्न रिमूव्हर तिसरा हिस्सा. पुढच्या खेपेला नवीन क्ले आणि थोडंफार, सातशे-आठशेत भागेल. वेळेचा हिशेब बायकोने ठेवला आहे, तो इथे छापण्यासारखा नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

काकांची गडद निळी सेडान. ही वेगळी नोंद करतोय कारण पांढऱ्या गाडीवर जे खपलं ते इथे खपलं नाही.

काकांची गाडी छपराखाली असते. आयर्न रिमूव्हर फवारलं तर जांभळं काही दिसलंच नाही. गडद रंगावर ओघळ दिसत नाहीत, खाली फरशीवर टपकतं तेव्हा कळतं. तेही नाममात्र होतं. पिशवीने बघितलं तर बॉनेट सोडून बाकी गुळगुळीत. तरी काकांचा आग्रह, "सगळीकडे फिरव." मी बॉनेटच्या एका कोपऱ्यात नवीन फाइन तुकड्याने, भरपूर पाण्यात, चौकोन केला आणि त्यांना उन्हात नेऊन दाखवला. त्या चौकोनात अगदी बारीक सरळ रेघा. पांढऱ्यावर याच्या चौपट असतील आणि मला दिसल्या नसतील.

"काका, बॉनेटला पॉलिश करावंच लागेल. बाकी गाडीला क्लेची गरज नाही."

"म्हणजे तू माझं काम टाळतोयस."

"टाळत नाही. दारांना केलं तर दारांनाही पॉलिश करावं लागेल, आणि माझा हात अजून भरलेला आहे."

बॉनेटला क्ले, हाताने पॉलिश, वॅक्स. बाकी गाडी धुऊन नुसतं वॅक्स. काका अर्धे खूश. गडद गाडीवाल्यांनी पॉलिशची तयारी नसेल तर खरखर लागेल तेवढ्याच जागेवर क्ले फिरवावा.

स्विफ्टला आज आठवडा झाला. डिकीवर जवळून बघितलं तर नवीन बारीक ठिपके यायला लागलेत, पण वॅक्सवर बसलेले, धुताना बरेचसे निघाले. जागा बदलत नाही तोवर हे चालूच राहणार. दर तीन-चार महिन्यांनी डिकी आणि डावी बाजू आयर्न रिमूव्हरने, क्ले वर्षातून एकदा, तोही पिशवीने विचारून.

गाड्या पुसणारा मुलगा पुन्हा कामावर. त्याला दोन मायक्रोफायबर दिलीत आणि एक अट : आधी पाणी, मग फडकं, धूळ जास्त असेल त्या दिवशी फडकंच नाही.

उरलेला चांगला तुकडा साबणाचं पाणी फवारून झाकणाच्या डबीत ठेवला आहे, नाहीतर वाळून चिरतो. खालच्या कडांचा काळा तुकडा वेगळ्या डबीत, वर मार्करने "फक्त चाकं" लिहून. एकाच डबीत दोन्ही ठेवू नका, चिकटून एक गोळा होतो आणि मग दोन्ही चाकांनाच जातात.